छातीत वारंवार दुखते, पण रिपोर्ट नॉर्मल : पुढे काय करावे?



या पानासाठी वाचकांकडून जे प्रश्न विचारले जातात त्यांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. विचारणारे बहुतेक वीस ते पस्तीस वयाचे असतात. कोणी अंधेरीला कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, कोणी घाटकोपरला कुरिअरचे सामान पोहोचवतो, कोणी मुलुंडच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तक्रार साधारण अशी असते : "चार-सहा महिन्यांपासून छातीत मधूनमधून दुखते. दोनदा ईसीजी काढला, नॉर्मल आला. डॉक्टर म्हणतात काही नाही. घरचे म्हणतात गॅस असेल. पण दुखणे काही थांबत नाही आणि रात्री झोप लागत नाही."

अशा वेळी माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. काही जण घाबरून एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरतात, उसने पैसे काढून त्याच त्याच तपासण्या पुन्हा करतात. काही जण "रिपोर्ट नॉर्मल आहे ना" म्हणून दुखणे अंगावर काढतात आणि खरा आजार आत वाढत राहतो. दोन्हींत नुकसान आपलेच आहे. म्हणून आजच्या लेखात हा विषय पायरीपायरीने समजून घेऊ.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. तरुण वयात छातीत वारंवार दुखण्याचे कारण बहुतेक वेळा हृदयात नसते. पण "हृदय ठीक आहे" एवढ्याने निदान पूर्ण होत नाही. दुखते आहे म्हणजे त्याला काही कारण आहे, आणि ते बहुतेक वेळा सापडते. त्यासाठी डॉक्टरांना सर्वात जास्त मदत होते ती रुग्णाने नीट सांगितलेल्या माहितीची.

छातीत दुखणारे अवयव किती?

छाती म्हटले की आपल्याला फक्त हृदय आठवते. प्रत्यक्षात तिथे बरगड्या आहेत, त्यांना मधल्या हाडाशी जोडणाऱ्या कूर्चा आहेत, बरगड्यांमधले स्नायू व नसा आहेत, फुफ्फुसे व त्यांचे आवरण आहे, घशापासून जठरापर्यंत जाणारी अन्ननलिका आहे. यांपैकी कुठेही बिघाड झाला तरी माणूस "छातीत दुखते" असेच म्हणतो. आतल्या अवयवांच्या नसा मेंदूकडे जाताना जवळजवळच्या वाटांनी जातात, त्यामुळे कळ नेमकी कुठून येते हे आपल्याला ओळखता येत नाही. अन्ननलिकेची जळजळ हृदयाच्या दुखण्यासारखी वाटते आणि हृदयाचे दुखणे पोटात गॅस झाल्यासारखे वाटते. दुखण्याच्या फक्त जागेवरून निदान होत नाही ते यामुळेच. दुखणे कशाने वाढते, कशाने कमी होते, किती वेळ टिकते आणि सोबत दुसरे काय होते, हे पाहावे लागते.

१. बरगड्या, कूर्चा आणि स्नायू

तरुणांमध्ये हे फार आढळणारे कारण आहे. बरगडी जिथे मधल्या हाडाला जोडलेली असते तिथली कूर्चा दुखावते. बोटाने दाबले की नेमके तिथेच दुखते. कूस बदलताना, हात वर करताना, खोल श्वास घेताना, शिंकताना किंवा खोकताना कळ येते. काहींना त्या जागी थोडी सूजही दिसते. अलेक्झांडर टिट्झे या जर्मन डॉक्टरांनी १९२१ साली अशा सुजेचे वर्णन केले, म्हणून त्या प्रकाराला त्यांचे नाव आहे.

आपल्या रोजच्या जगण्यात याची कारणे भरपूर आहेत. विरारहून किंवा कल्याणहून येणाऱ्या गर्दीच्या लोकलमध्ये वरचे हँडल धरून तासभर लोंबकळणे, भरलेली बॅग छातीवर अडकवून उभे राहणे, पाण्याचे कॅन किंवा हंडे चौथ्या मजल्यावर चढवणे, सफाईच्या कामात जड डबे ओढणे, पाठीवर डिलिव्हरीची पेटी घेऊन दिवसभर दुचाकी चालवणे, जिममध्ये पहिल्याच आठवड्यात जास्त वजन उचलणे, वाकून तासन्‌तास मोबाइल पाहणे. दीर्घ खोकल्यानंतरही बरगड्यांचे स्नायू दुखतात.

आणखी एक प्रकार किशोरवयीन मुलांत व तरुणांत दिसतो. शांत बसलेले असताना छातीच्या डाव्या बाजूला अचानक सुई टोचल्यासारखी कळ येते, श्वास घेतला की वाढते, आणि काही सेकंदांत किंवा दोन-तीन मिनिटांत आपोआप निघून जाते. १९५५ साली मिलर आणि टेक्सिडोर या डॉक्टरांनी याचे वर्णन केले. हा प्रकार निरुपद्रवी आहे आणि वयाबरोबर बहुतेकांचा थांबतो.

स्नायू-कूर्चेच्या दुखण्याला गरम शेक, काही दिवस वजन उचलणे कमी करणे, बसण्याची पद्धत सुधारणे आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी एवढे बहुतेक वेळा पुरते. मात्र ते बरे व्हायला काही आठवडे लागू शकतात आणि काम तेच राहिले तर ते पुन्हा उद्भवते. अशा वेळी औषध बदलण्यापेक्षा काम करण्याची पद्धत बदलणे जास्त उपयोगाचे.

एक सावधगिरी हवी. दाबल्यावर दुखते म्हणजे हृदय नक्की ठीक, असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये. तो डॉक्टरांनी तपासून काढायचा.

२. अन्ननलिका आणि आम्लपित्त

छातीच्या मधोमध जळजळते, घशाशी आंबट येते, जेवणानंतर किंवा आडवे झाल्यावर वाढते, वाकले की त्रास होतो. रात्री अकरा-बाराला कामावरून घरी येऊन जेवायचे आणि लगेच झोपायचे, सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा, दुपारी वडापाव, मधूनमधून तंबाखू किंवा सिगारेट, असा दिनक्रम असेल तर जठरातले आम्ल वर येते. अन्ननलिका आवळली गेली तर जळजळ नसतानाही छातीत जोराचे दुखते.

यावर उपाय साधे आहेत. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे, पलंगाची डोक्याकडची बाजू थोडी उंच करावी, तंबाखू व दारू सोडावी, वजन जास्त असेल तर कमी करावे. डॉक्टर काही आठवड्यांसाठी आम्ल कमी करणारी गोळी देतात. ती वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने मेडिकलमधून आणून घेऊ नये. गिळताना अडकणे, वजन घटणे, काळी शौच किंवा रक्ताची उलटी असेल तर दुर्बिणीची तपासणी लागते.

इथेही एक इशारा. इनो किंवा सोडा घेतल्यावर बरे वाटले म्हणजे तो गॅसच होता, असे समजू नका. हृदयाचे दुखणेही काही मिनिटांनी आपोआप ओसरते, आणि नेमके त्याच वेळी आपण इनो घेतलेले असते. "गॅस आहे" या एका शब्दाने आपल्या वस्त्यांत अनेक माणसे रुग्णालयात उशिरा पोहोचली आहेत.

३. फुफ्फुसे : मुंबईत क्षयरोग विसरून चालणार नाही

फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली तर श्वास आत घेताना एका बाजूला चाकू खुपसल्यासारखे दुखते. ही सूज न्यूमोनियाने येते, विषाणूंच्या तापाने येते, आणि आपल्या शहरात क्षयरोगानेही येते. दाट वस्ती, खेळती हवा नसलेली खोली, एका खोलीत सहा-सात माणसे, अशा ठिकाणी टीबी पसरतो आणि तो तरुणांनाच जास्त गाठतो.

आवरणाच्या टीबीची एक फसवी बाब सर्वांना माहीत असायला हवी. सुरुवातीला श्वासाबरोबर दुखते. नंतर आवरणाच्या दोन पापुद्र्यांमध्ये पाणी साठते, ते एकमेकांवर घासायचे थांबतात आणि दुखणे कमी होते. रुग्णाला वाटते बरे झाले. पण पाणी वाढत जाते आणि जिना चढताना धाप लागू लागते. या प्रकारात बेडका पडत नाही किंवा बेडक्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत असेही होते. म्हणून दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, भूक मंदावणे किंवा वजन घटणे यांपैकी काहीही छातीदुखीबरोबर असेल तर छातीचा एक्स-रे काढलाच पाहिजे. फक्त ईसीजी काढून थांबू नये.

टीबीची तपासणी व औषधे महापालिकेच्या दवाखान्यांत व रुग्णालयांत मोफत आहेत. साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. उपचार चालू असताना पोषणासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० रुपये होती. टीबी झाला म्हणून लपवण्याचे कारण नाही. उपचार अर्धवट सोडण्यात खरा धोका आहे.

फुफ्फुसाची आणखी दोन कारणे तातडीची आहेत. उंच, सडपातळ तरुण मुलाला, विशेषतः सिगारेट ओढणाऱ्याला, अचानक एका बाजूला तीव्र कळ येऊन दम लागला तर फुफ्फुसातून हवा बाहेर निसटून छातीत साठलेली असू शकते. आणि बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, पायाला प्लास्टर असताना किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना एका पायाची पोटरी सुजून छातीत दुखू लागले व धाप लागली, तर पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते. दोन्हीत घरी थांबू नये.

४. मन आणि शरीर : हे नाटक नव्हे

अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब दा कोस्टा या डॉक्टरांकडे असे तरुण सैनिक येत, ज्यांच्या छातीत दुखे, धडधड होई, धाप लागे, पण तपासून हृदयात दोष सापडत नसे. अशा सुमारे तीनशे सैनिकांचा अभ्यास त्यांनी १८७१ साली प्रसिद्ध केला. पुढे पहिल्या महायुद्धातही हेच दिसले. म्हणजे हा त्रास मोबाइलच्या पिढीने शोधून काढलेला नाही आणि तो दुबळ्या मनाच्या माणसालाच होतो असेही नाही.

आज आपण याला पॅनिक अटॅक म्हणतो. अचानक छाती दाटते, हृदय जोरात धडधडते, हातापायांना मुंग्या येतात, घाम फुटतो, आता आपण मरणार अशी खात्री वाटते. साधारण दहा मिनिटांत त्रास शिखर गाठतो आणि मग ओसरतो. भीतीमुळे श्वास जलद होतो, छातीचे स्नायू ताणले जातात आणि प्रत्यक्ष दुखते. दुखणे खरे असते. नोकरी जाण्याची टांगती तलवार, कर्जाचे हप्ते, झोपु योजनेतले घर कधी मिळणार याची अनिश्चितता, परीक्षेतले अपयश, कॉलेजात किंवा ऑफिसात जातीवरून मारलेले टोमणे, घरात कोणाचा अकस्मात मृत्यू, हे सगळे शरीरावर उमटते.

अशा मुलाला किंवा मुलीला "मनाला लावून घेऊ नकोस" असे सांगून भागत नाही. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे यांनी हा आजार चांगला आटोक्यात येतो. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून मराठीतही बोलता येते. झटका आला असताना बसून घ्यावे, श्वास हळू करावा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्यावा. ज्यांना आनापानाचा सराव आहे त्यांना हे सोपे जाते. पण साधना हा उपचाराला पर्याय नाही, आणि पहिल्यांदाच असा त्रास होत असेल तर "पॅनिकच आहे" असे आपण ठरवू नये. आधी डॉक्टरांनी हृदय व फुफ्फुसे तपासावीत. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय करू नये, कारण आजार हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा असेल तर त्याने घात होतो.

५. आणि हृदय

तरुणांत हे कमी आढळते, पण आपल्याकडे ते नाकारता येत नाही. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट या अभ्यासात दिसले की भारत व शेजारच्या देशांतल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत सुमारे ५९ व्या वर्षी. म्हणजे आपल्याकडे तो पाच-सहा वर्षे आधी येतो. ही मधली संख्या आहे. काही जणांना तो त्याहून पुष्कळ आधी येतो.

मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण संपल्यावर धाप लागली आणि डावा हात दुखू लागला. दिवसभराच्या मारधाडीच्या दृश्यांमुळे स्नायू आखडला असेल असे वाटल्याचे त्यांनी नंतर मुलाखतींत सांगितले. त्याच संध्याकाळी त्यांना अंधेरीच्या रुग्णालयात न्यावे लागले आणि अँजिओप्लास्टी झाली. त्यांचे वय तेव्हा ४७ होते. वेळेत पोहोचल्याने ते वाचले. स्नायूचे दुखणे आणि हृदयाचे दुखणे यांत फरक करणे किती अवघड असते ते या उदाहरणावरून कळते.

हृदयाचे दुखणे बहुधा बोटाने दाखवता येत नाही. माणूस पंजा किंवा मूठ छातीच्या मधोमध ठेवतो. दाब, आवळ, जडपणा वाटतो. स्थानकाचा पूल चढताना किंवा भरभर चालताना येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाते. डावा हात, खांदा, जबडा किंवा पाठीकडे सरकते. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांत छातीत फारसे न दुखता फक्त धाप, मळमळ, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच असू शकते. म्हणून ताईंनी आणि आईंनी "कामाने थकले" म्हणून हे दुर्लक्षू नये.

पुढील गोष्टी असतील तर तरुण वयातही हृदयाची तपासणी गांभीर्याने करावी :

* वडील किंवा भाऊ यांना ५५ वर्षांच्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झालेला असणे, किंवा घरात कोणा तरुणाचा अचानक मृत्यू झालेला असणे.
* सिगारेट, बिडी, तंबाखू, गुटखा, मिश्री. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो आणि खाल्लाही जातो.
* मधुमेह, उच्च रक्तदाब, खूप वाढलेले कोलेस्टेरॉल.
* जिममध्ये घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शने किंवा नशेची द्रव्ये. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नका.
* धावताना चक्कर येणे किंवा बेशुद्ध पडणे. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावे. काही तरुणांत हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होत जातो आणि जोराच्या श्रमात ठोके बिघडतात.
* नुकताच येऊन गेलेला विषाणूंचा ताप. त्यानंतर हृदयाच्या स्नायूला किंवा आवरणाला सूज येऊ शकते. आवरणाच्या सुजेचे दुखणे झोपल्यावर वाढते आणि पुढे वाकून बसल्यावर कमी होते.
* लहानपणी घसादुखीनंतर सांधे सुजून ताप आलेला असणे. त्यातून हृदयाच्या झडपा खराब होतात आणि त्रास तरुणपणी, मुलींत अनेकदा गरोदरपणात, उघड होतो.

ईसीजी नॉर्मल म्हणजे काय?

साधा ईसीजी हृदयाच्या सुमारे दहा सेकंदांची विद्युत नोंद असते. त्या दहा सेकंदांत दोष नसेल तर पट्टी सरळ येते. दुखणे सकाळी येऊन गेले आणि ईसीजी संध्याकाळी काढला, तर त्यात काही न दिसण्याचा संभव मोठा. झटक्याच्या सुरुवातीलाही काही वेळा ईसीजी नॉर्मल येतो. त्यामुळे रुग्णालयात तो पुन्हा पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. टूडी इकोमध्ये झडपा आणि हृदयाचे आकुंचन दिसते, रक्तवाहिन्यांतला अडथळा थेट दिसत नाही. श्रमाने येणाऱ्या दुखण्यासाठी पट्ट्यावर चालवून स्ट्रेस टेस्ट करतात.

प्रत्येकाला या सगळ्या तपासण्या लागत नाहीत. पंचवीस वर्षांच्या, तंबाखू न खाणाऱ्या, दाबल्यावरच दुखणाऱ्या मुलाला तपासणी, एक ईसीजी, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन एवढे बहुधा पुरते. रक्त कमी असले तरी धडधड होते आणि धाप लागते, आणि आपल्या मुलींमध्ये रक्त कमी असणे नवीन नाही. खोकला-ताप असेल तर एक्स-रे. बाकी तपासण्या माहितीनुसार. "फुल बॉडी पॅकेज"च्या जाहिरातीवर पैसे घालवण्यापेक्षा एकाच डॉक्टरांकडे सर्व कागद घेऊन दोन-तीन वेळा जाणे जास्त फलदायी ठरते.

दुखण्याची वही

एक साधी वही घ्या. दोन ते चार आठवडे प्रत्येक वेळी दुखले की लिहा :

१. तारीख, वेळ, आणि किती मिनिटे दुखले.
२. तेव्हा काय करत होतात : चालत, जिना चढत, जेवून बसलेले, झोपलेले, भांडण झालेले, लोकलमध्ये उभे.
३. कसे दुखले : टोचल्यासारखे, जळजळ, दाब, चमक. कुठे सरकले का?
४. श्वासाने, हालचालीने किंवा दाबल्याने वाढले का?
५. कशाने कमी झाले : थांबल्याने, पाणी किंवा गोळी घेतल्याने, पुढे वाकल्याने, आपोआप.
६. सोबत काय होते : घाम, धाप, चक्कर, ताप, खोकला, मुंग्या, भीती.
७. त्या दिवशीचे जेवण, झोप, चहा, तंबाखू, औषधे.

ओपीडीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी फार थोडा वेळ मिळतो. "छातीत दुखते" एवढेच सांगितले तर ईसीजी लिहून दिला जातो. "जिना चढताना दाबल्यासारखे होते, थांबल्यावर तीन मिनिटांत जाते, पंधरा दिवसांत सहा वेळा झाले, वडिलांना ५० व्या वर्षी झटका आला होता" असे सांगितले तर डॉक्टरांची दिशाच बदलते. त्याचबरोबर "आडवे झाल्यावर जळजळते" किंवा "श्वास घेताना उजवीकडे दुखते, रात्री घाम येतो" या वाक्यांनीही निदान जवळ येते. डॉक्टरांना शेवटी एक प्रश्न जरूर विचारावा : "हृदय ठीक असेल तर मग हे दुखणे कशाचे आहे, आणि किती दिवसांत बरे झाले नाही तर पुन्हा यावे?"

जायचे कुठे?

नेहमीच्या त्रासासाठी आधी जवळचा महापालिका दवाखाना किंवा ओळखीचे फॅमिली डॉक्टर. पुढच्या तपासणीसाठी पश्चिम उपनगरांत विलेपार्ल्याचे कूपर रुग्णालय आणि कांदिवलीचे भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, ज्याला आपण शताब्दी म्हणतो. पूर्व उपनगरांत घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय. हृदयरोगाच्या विशेष तपासणीसाठी तिथून शीव, केईएम किंवा नायर रुग्णालयात पाठवले जाते. जुने सर्व ईसीजी आणि रिपोर्ट एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्या. जुना ईसीजी हाताशी असला तर नवा वाचणे सोपे जाते. अँजिओप्लास्टी किंवा ऑपरेशनची वेळ आलीच तर कर्ज काढण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड व आधारकार्ड जवळ ठेवा.

थांबू नका, लगेच निघा

छातीत दाब किंवा तीव्र दुखणे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक टिकले, घाम, धाप, चक्कर, उलटी सोबत असली, दुखणे हात किंवा जबड्यात गेले, बेशुद्धी आली, ओठ निळे पडले, थुंकीतून रक्त आले, तर वय कितीही असो, आधीचे रिपोर्ट कसेही असोत, १०८ ला फोन करा. गाडी यायला वेळ लागेल असे वाटले तर रिक्षा-टॅक्सीने ईसीजीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. लोकलमध्ये असाल तर सहप्रवाशांना सांगा, पुढच्या स्थानकावर उतरा आणि स्टेशन मास्तरांना कळवा.

ॲस्पिरिनची ॲलर्जी, रक्तस्राव किंवा ताप नसेल तर १०८ वरील डॉक्टरांच्या सल्ल्याने ३०० मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. पावसाळ्यात डेंग्यूचा ताप असताना ॲस्पिरिन धोक्याचे असते. शेजाऱ्यांची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवू नका, रक्तदाब एकदम उतरू शकतो.

माणूस कोसळला, हाक दिल्यावर उत्तर देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, जोराने दाबत राहा, मदत येईपर्यंत.

आपण मिळून काय करू शकतो?

विहारात रविवारच्या वंदनेला पन्नास-शंभर माणसे जमतात. महिन्यातून एका रविवारी रक्तदाब आणि साखर तपासता येईल. आपल्यातच परिचारिका, डॉक्टर, लॅब तंत्रज्ञ झालेली मुले-मुली आहेत, त्यांना हक्काने बोलवावे. वर्षातून एकदा छाती दाबण्याचे प्रशिक्षण तरुण मंडळाने घ्यावे. १०८ आणि १४४१६ हे क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. आणि ज्या घरात एखादा मुलगा किंवा मुलगी महिनोन्‌महिने छातीत दुखते म्हणते आहे, तिथे "काही नाही गं" म्हणण्याऐवजी तिच्या हातात वही द्यावी आणि तिच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहावे.

हा लेख माहितीसाठी आहे. औषध मात्र डॉक्टरांना दाखवूनच घ्यावे.

जयभीम.